दुधाच्या पिशवीतल्या नोटा

एका बाईंना नागपूरला जायचं होतं आणि मी त्यांना जाऊ दिलं नाही. हा माझा मूर्खपणा. मी त्यांना खोलीत कोंडलं नाही, त्यांचा पासपोर्ट लपवला नाही. एक वाक्य बोलायला हवं होतं ते बोलले नाही, आणि जे बोलायला नको होतं ते छान ठसक्यात बोलून बसले. तेव्हा मी तरुण होते. एकाहत्तर वर्षांची. आता चौऱ्याहत्तरावं लागल्यावर जरा पोक्तपणा आलाय, म्हणून कबूल करते.

आम्ही कॅनडातल्या मिसिसागात, चौदाव्या मजल्यावर राहतो. मुलगा आणि सून सकाळी सातला बाहेर पडतात, साडेसातला नातीची स्कूलबस येते, आणि मग घरात उरतो आम्ही दोघं, मी आणि डिशवॉशर. त्यातला तो जास्त बोलतो. विमानतळ जवळ, त्यामुळे खिडकीतून उतरणारी विमानं दिसतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्या शेपटांवरची चित्रं ओळखायला शिकले. दुसऱ्या वर्षी ओळखू आली तरी बघेनाशी झाले.

रोज अकरा वाजता मी खाली लॉबीत पत्रपेटी उघडायला जायची. लॉबी इमारतीच्या आतच आहे, तरी मी कोट, टोपी, मफलर सगळं चढवून जात असे. कोणी विचारलं, ‘काय, बाहेर निघालात?’ तर ‘हो’ म्हणता यावं म्हणून. कोणी विचारलं नाही. पेटीत ग्रोसरीची पत्रकं आणि पिझ्झाची कूपनं. ती मी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचत असे. लिफ्टमधली माणसं फार सभ्य. तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी तीच ‘सॉरी’ म्हणतात आणि मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहतात.

दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात भारतात पाचशेच्या आणि हजाराच्या जुन्या नोटा एका संध्याकाळीत बंद झाल्या. इथं आमच्या घरात त्यावर जेवताना दहा मिनिटं चर्चा झाली. मुलानं विचारलं, “आई, तुझ्याकडे नाहीत ना?” मी म्हटलं, “मी बँकेत तेहेतीस वर्षं काढली. मी घरात नोटा ठेवीन का?” एवढं ताठ मानेनं बोलले की पर्सच्या चोरकप्प्यातली हजाराची नोट पुढे मलाच काढून दाखवायची लाज वाटली. ती अजून तिथंच आहे.

त्यानंतर आठवड्याभरानं दारावर टकटक झाली. आमच्या दारावर कुरिअरवाल्याखेरीज कोणी टकटक करत नाही, म्हणून मी दार न उघडता आतूनच ओरडले, “लीव्ह इट!” बाहेरून उत्तर आलं, “मॅडम, मी सातव्या मजल्यावरची. मराठी आहे.”

दारात साठी-पासष्टीच्या बाई उभ्या होत्या. घरातल्या गाऊनवर मुलाचं जाडजूड जाकीट, हातात दुधाची रिकामी, धुऊन वाळवलेली पिशवी. इथं दूध पिशव्यांतूनच मिळतं, आणि आपल्या बायका त्या धुऊन जपतात, त्यावरून मी त्यांना दुरूनही ओळखलं असतं. पिशवीत नोटांची घडी होती.

“तुम्ही बँकेत होत्या न? खालच्या सिक्युरिटीवाल्याला तुमच्या नातीनं सांगितलं, त्यानं माझ्या मुलाला सांगितलं.”

आमची नात बातमी पोचवायचं काम चोख करते, फक्त इंग्रजीत.

चहा झाला. त्या चार वर्षांपूर्वी नागपूरहून मुलाकडे आलेल्या. नोटा भाऊबीजेच्या. भाऊ दर वर्षी ओवाळणीत एक कोरी नोट घालायचा आणि त्या ती साबुदाण्याच्या डब्याच्या तळाशी ठेवायच्या, नवऱ्यापासून लपवून, मग मुलापासून लपवून. नवरा गेला, भाऊ गेला, डबा कॅनडात आला. नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर बघितल्यावर त्यांनी डबा उपडा केला आणि मुलाला सगळं कळलं.

“मी म्हटलं त्याला, मी जाते नागपूरला, बदलून आणते. तो म्हणते, एवढ्याशा नोटांसाठी चौदाशे डॉलरचं तिकीट काढू काय? मग शेवटी म्हणाला, चौदाव्या मजल्यावर बँकेतल्या मॅडम आहेत, त्यांना विचार. त्या म्हणाल्या की स्वतःच जावं लागते, तर काढून देतो तिकीट.” त्या पुढे सरकून बसल्या. “तर मॅडम, स्वतःच जावं लागत असेल न?”

एखाद्या शहाण्या बाईनं त्या डोळ्यांकडे बघून लगेच म्हटलं असतं, ‘हो, स्वतःच जावं लागतं, उद्याच निघा.’ नियम माहीत नसता तरी म्हटलं असतं. पण माझ्यासमोर किती वर्षांनी कोणीतरी बँकेचा प्रश्न घेऊन बसलं होतं! मी चष्मा नाकावर खाली घेतला. काउंटरवर घ्यायची तसा.

“छे, छे,” मी म्हटलं, “जायची काही गरज नाही. मी आमच्या हेड ऑफिसला पत्र टाकते. तुम्ही निवांत बसा. सगळं कागदावर होतं.”

त्यांचा चेहरा उतरला. तो मला दिसला. मला वाटलं, विश्वास बसत नाहीये, म्हणून मी आणखी दोनदा सांगितलं.

पत्र खरंच लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, सर्व जागच्या जागी. इथल्या पोस्टाचं तिकीट लावून पाठवलं. आणि त्या पत्राचं काय झालं हे विचारायला बाई पुढच्या मंगळवारी आल्या. मग त्यापुढच्या मंगळवारी. डिसेंबर संपेपर्यंत मंगळवार हा माझ्या आठवड्यातला वार झाला. बाकीचे सहा नुसते दिवस. सोमवारी मी पोहे निवडून ठेवायची. मंगळवारी केस विंचरायची. मॅडमची ताई झाले.

आता दर आठवड्याला ‘अजून उत्तर नाही’ एवढं सांगून माणूस किती वेळ बसवून ठेवता येतो? म्हणून मी त्यांना बँकेच्या गोष्टी सांगू लागले. आणि गोष्टी सांगता सांगता एका जुन्या माणसावर आले, ज्याला मी बावीस वर्षांची असताना रद्दीत घातलं होतं.

तेव्हा मी नुकतीच मुंबईच्या त्या बँकेत लागले होते. बँक साहेबाच्या काळातली. मला पहिली नेमणूक मिळाली तळघरातल्या दप्तरात, जुन्या कागदांच्या याद्या करायला. तीन रकाने होते: ठेवावे, विचारावे, नष्ट करावे. मला वाटलं होतं, बँकेत लागले म्हणजे काचेमागे बसून नोटा मोजीन, लोक मला नमस्कार करतील. इथं मी आणि झुरळं. मी दोन वेण्या घालायची आणि स्वतःला भयंकर हुशार समजायची. त्या मुलीला आज माझ्यासमोर आणून उभी केली तर मी तिच्या वेण्या एकमेकींना बांधीन.

तिथं मला एका गोऱ्या एजंटाच्या पत्रांचा गठ्ठा सापडला. त्याच्या काळी, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी, सरकारी कागदी नोटा नव्यानं निघाल्या होत्या आणि त्या लोकांत खेळवायचं काम आमच्या बँकेकडे होतं. या एजंटाला कुठल्याशा आतल्या गावी पाठवलेलं. नोट म्हणजे एका बाजूनं छापलेला, हातरुमालाएवढा कागद. गावातला व्यापारी ती उलटी करून बघायचा, मागं काहीच नाही म्हणून परत द्यायचा. लोकांना चांदीचा रुपया हवा, वाजवून बघता येणारा. सोमवारी दिलेल्या नोटा बुधवारी पुन्हा याच्या दारात. शिवाय तेव्हा देशाचे भाग पाडलेले होते आणि ज्या भागात नोट निघाली त्याच भागात तिचे पैसे मिळण्याचा हक्क. एक नदी ओलांडली की तीच नोट नुसता कागद. लोक याच्याशी भांडायचे, की राणी एकच, शिक्का एकच, मग पलीकडे ती का चालत नाही? टपालात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी नोट मधोमध कापून अर्धी आज पाठवत, ती पोचल्याचं कळलं की दुसरी अर्धी. पावसाळ्यात दुसरी अर्धी वाहून जायची आणि अर्धी नोट घेतलेला माणूस याच्या ओट्यावर येऊन बसायचा. एकदा वाळवीनं पेटीच खाल्ली. त्यानं वर विचारलं होतं, उरलेले तुकडे वजनावर मोजू का?

“बापा!” बाई हसत सुटल्या. “वजनावर!”

मीही तेव्हा अशीच हसले होते. पण एकटी नाही. कँटीनमध्ये रुमाल नोटेसारखा धरून मी त्याची नक्कल करायची. तो प्रत्येक पत्राच्या शेवटी चलनाचं बोलणं संपल्यावर काहीबाही लिहायचा: घोडी आजारी आहे, नदीला पूर असल्यानं अकरा दिवस टपाल नाही, इथं बुद्धिबळ येणारं कोणी नाही, उत्तराची वाट पाहतो. ते मी नाकातून, गोऱ्याच्या हेलात म्हणायची. अख्खं टेबल पोट धरून हसायचं. आमचे साहेब एकदा मागून आले आणि म्हणाले, “हसून झालं असेल तर यादी पुरी करा.” मी तळघरात गेले आणि त्या गठ्ठ्यापुढे लिहिलं: चलनविषयक, कालबाह्य, नष्ट करावे.

बाईंनी बशी खाली ठेवली. “मग त्याला वरून उत्तर काय येत होतं?”

“एकच ओळ. ‘आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे.’ दर वेळी.”

“आणि तरी लिहीत होता?”

“तरी लिहीत होता.”

“लिहीन नाही तर काय करीन बिचारा,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून एक विमान उतरलं ते त्यांनी पार जमिनीला टेकेपर्यंत बघितलं. “मी पण बघत असते,” त्या म्हणाल्या. “खालून नीट दिसत नाही. तुमच्याकडून छान दिसते.”

जानेवारीत एका रविवारी मी नातीला म्हटलं, जरा तुझ्या फोनवर बघ ग, जुन्या नोटांचं परदेशातल्या लोकांसाठी काय म्हणतात. तिनं अर्ध्या मिनिटात काढलं. “इट्स राइट हिअर, आजी.” परदेशी राहणाऱ्यांना जूनअखेरपर्यंत मुदत. स्वतः हजर राहून. सबंध देशात पाचच ठिकाणी. त्यांतलं एक नागपूर.

तिनं मान वर करून विचारलं, “डू यू हॅव टू गो?”

“मला नाही,” मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

म्हणजे बाईंना त्यांच्याच गावात जायचं होतं, आणि माझं एक वाक्य हवं होतं. ते वाक्य आता माझ्या हातात आयतं, नियमासकट आलं होतं. मी ठरवलं, मंगळवारी सांगायचं. मंगळवारी बाई आल्या त्या बेसनाचे लाडू घेऊन. बोलता बोलता म्हणाल्या, “भावजय फोनवर म्हणते, एकदा या तर खरं, मग परत कशाला जाता, इथंच राहा माझ्याजवळ. दोघी म्हाताऱ्या राहू.” आणि हसल्या.

मी दुसरा लाडू घेतला.

पुढच्या मंगळवारी सांगू, असं म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. बर्फ पडला, मुलानं पार्किंगमधली गाडी फावड्यानं उकरून काढली, मीठ पसरलं, बर्फ वितळला, पुन्हा पडला. मी स्वतःची समजूत घालायला एकाहून एक भारी कारणं काढली. एवढ्याशा नोटांसाठी एवढा प्रवास? या वयात? गुडघे? उन्हाळ्यात नागपूर? मी त्यांच्या मुलाचीच सगळी वाक्यं म्हणत होते, फक्त माझ्या तोंडी ती काळजीसारखी वाटत होती. मार्चमध्ये त्यांनी एकदा स्पष्टच विचारलं, “ताई, ते पत्र गहाळ तर नाही झालं? मी जाऊनच येऊ का?”

मी म्हटलं, “बँकेच्या कामाला घाई करून चालत नाही.”

याला बावीस वर्षांची मुलगी जबाबदार नाही. ती निदान न कळून करत होती.

तीस जून शुक्रवारी आला. मी दिवसभर घड्याळाकडे बघत होते, जणू नागपूरचं ते काउंटर मला इथून मिटताना दिसणार होतं. दुसऱ्या दिवशी कॅनडाचा वाढदिवस. लॉबीत लाल-पांढरे फुगे, सिक्युरिटीवाल्याच्या टेबलावर कागदी झेंडे. तो सगळ्यांना एकेक झेंडा देत होता. मला दोन दिले. मी पत्रपेटीपाशी दोन झेंडे धरून उभी.

आणि मग जुलैच्या मध्यावर, ज्या पेटीत वर्षभर पिझ्झा सोडून काही आलं नव्हतं तिच्यात एक खाकी लिफाफा निघाला. आमच्या बँकेचा शिक्का. आत एक ओळ. ‘आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे.’

मी लॉबीत मोठ्यानं हसले. सिक्युरिटीवाला दचकला. हसू थांबेना, आणि मग एकदम थांबलं, कारण लिफ्टचं दार उघडून बाई बाहेर येत होत्या, ग्रोसरीची पिशवी घेऊन. त्यांनी लिफाफा बघितला आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला तो लिफाफा गिळून टाकावासा वाटला.

“आलं काय? काय म्हणते? जावं लागते न?”

तिथंच, फुगे उतरून राहिलेल्या दोऱ्यांखाली, मी त्यांना सगळं सांगितलं. मुदत होती ते. नागपूर होतं ते. मला जानेवारीपासून माहीत होतं ते. का सांगितलं नाही, तेही सांगायला लागले, पण मधेच मला स्वतःचा आवाज ऐकू आला, काउंटरमागून बोलते तसा, आणि मी थांबले.

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “बरं मॅडम,” म्हणाल्या, आणि ग्रोसरीला गेल्या.

मॅडम.

पुढचा मंगळवार गेला. त्याच्या पुढचाही. पोहे निवडलेले तसेच. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. एकदा लिफ्ट सातव्यावर थांबली, दार उघडलं, समोर कोणी नव्हतं, मीच बटण दाबलं होतं. दार आपोआप मिटलं. त्या दिवसांत मला तो एजंट फार आठवला. त्याच्या पत्रांतलं घोडीचं, पुराचं, बुद्धिबळाचं मला अजून पाठ होतं. नोटा खेळवता येत नाहीत, हे त्यानं एकदा लिहिलं असतं तरी वरच्यांना कळलं असतं. पत्रांतला नोटांचा भाग वाचून मी त्याला रद्दीत घातलं. शेवटच्या दोन ओळींसाठी तो वरचं सगळं लिहीत असेल, हे त्या दोन वेण्यांच्या डोक्यात कसं शिरावं.

चौथ्या मंगळवारी मी केस विंचरले, कोट न घालता खाली गेले आणि सातव्या मजल्यावरचं दार वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज थांबला. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, आणि मागं सरकून वाट दिली. ओट्यावर साबुदाण्याचा डबा, शेजारी ती दुधाची पिशवी, आत नोटा तशाच. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माफी मागितली. तिकिटाचे पैसे माझ्या पेन्शनमधून देते म्हटलं, तुमच्या मुलाशी मी बोलते म्हटलं, आता नोटांसाठी नको, तसंच, नुसतंच जा म्हटलं.

त्या पिशवीवरची सुरकुती बोटानं सपाट करत राहिल्या. खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या दिसत होत्या. विमान खरंच दिसत नव्हतं. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या:

“नोटांचं जाऊ द्या न ताई. मला त्या रांगेत उभं राहायचं होतं. तिथं उन्हात, चार तास लागले असते तरी. पुढची म्हणाली असती, काऊन जी, कुठून आल्या? मागची म्हणाली असती, ओ बाई, सरका न थोडं. इथं चार वर्षं झाली, सगळे सॉरी म्हणतात. मला कोणी सरका म्हणत नाही.”